पोटॅशियमला धागा बांधणारी मावशी

शनिवार, ५ ऑक्टोबर १९९१. दुपारचे अडीच. टेबलावर पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूलचं नवं खोकं, लाल सुताचा गुंडा आणि कात्री. प्रत्येक अँप्यूलच्या काचेच्या मानेभोवती सुताचे तीन वेढे घालायचे, गाठ मारायची आणि ती खोक्यात परत ठेवायची. पंचवीसपैकी नऊ झाल्यात. त्यातल्या चारांचे वेढे खाली घसरलेत, ते पुन्हा करावे लागणार. बुधीमावशी, तू हे काम गप्पा मारत, एका हातात चहाचा कप धरूनही करायचीस. बावीस वर्षं बँडेज बांधणाऱ्या बाईला ते जमत नाही, हे बघायला तू आज इथे हवी होतीस. पोट धरून हसली असतीस.

तुला जाऊन नऊ दिवस झाले. रजा घेऊन अकलोलीपलीकडच्या तुझ्या पाड्यावर गेलीस आणि झोपेतच गेलीस. "मना हास्पिटलात मरायचं न्हाय. तितं मरतानासुदिक सुया टोचतात," असं तू माझ्या तोंडावर सांगायचीस. तुझ्या मनासारखं झालं. आम्ही दवाखान्यातले वज्रेश्वरीची बस धरून आलो, पुढे चालत. तुझ्या सुनेनं पाणी दिलं. शेजारणीनं तिला हळूच विचारलं, "ह्याच त्या शिस्टर?" सून माझ्याकडे बघून हसली. तू घरी माझ्याबद्दल काय काय सांगितलं होतंस, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

रडणं मला जमत नाही, ते तुला ठाऊक आहे. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली, तीही सहा वर्षं. ती मनात ठेवून धागे बांधता येईनात, म्हणून कात्री बाजूला सारून लिहायला बसले.

आपली ओळख भांडणातूनच झाली. तू आया म्हणून नवीन लागली होतीस. ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर मी पोटॅशियम परमँगनेटची डबी ठेवली होती, जखमा धुवायचे ते जांभळे खडे, आणि तिच्या शेजारी ग्लिसरीनची बाटली. दोन्ही ड्रेसिंगला लागतात म्हणून एकत्र. बाटली गळत होती आणि डबीचं झाकण नीट बसलं नव्हतं. आधी धूर आला, मग भसकन जाळ, मग शेजारचा कापूस पेटला. मी नुसतीच "डॉक्टर, डॉक्टर" करत राहिले. तू फरशी पुसायची बादली उचललीस आणि फिनेलच्या पाण्यासकट ट्रॉलीवर रिकामी केलीस. आग विझली. फरशी, भिंत, माझा पांढरा युनिफॉर्म, सगळं जांभळं झालं.

"काडी कोनी लावली?" तू विचारलंस.

"कुणी नाही. ह्या दोन वस्तू एकत्र आल्या की आपोआप पेटतात."

"ह्ये तुला म्हाईत व्हतं?"

"हो."

"मंग शेजारी कशाला ठेवलंस?"

पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तू मात्र उत्तराची वाट न बघता ग्लिसरीन उचललंस आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटात नेऊन ठेवलंस. खडे वरच्या कोरड्या फळीवर गेले, काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत. त्या फळीवर कापूस नाही, स्पिरिट नाही, काही नाही. "पटत न्हाय ना त्यांचं? मंग येगळं ऱ्हाऊ दे."

"पटत नाही असं नाही, मावशी. जरा जास्तच पटतं."

तू तोंडाला पदर लावून हसलीस. बहुधा त्याच दिवशी ठरवलंस, की ही बाई शिकलेली आहे, पण हिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

मग गॅस्ट्रोची साथ आली. आपल्या वीस कॉटच्या दवाखान्यात जमिनीवरही गाद्या पडल्या. मागच्या शेडमधले लूम दिवसभर खडखडत असायचे. मागावर काम करणारे आपले पेशंट त्या आवाजात गाढ झोपायचे आणि वीज गेली, लूम थांबले, की दचकून उठायचे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पोटॅशियम निघून जातं. माणूस ओल्या फडक्यासारखा पडून राहतो, त्याला मान धरवत नाही. सलाइनच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइड मिसळून थेंबाथेंबानं दिलं, की तोच माणूस दुसऱ्या दिवशी चहा मागतो. पण तीच अँप्यूल सिरिंजमध्ये भरून थेट शिरेत सोडली तर त्याचं हृदय थांबतं. आणि दिसायला कशी? इंजेक्शनची पावडर विरघळवायला आपण डिस्टिल्ड वॉटर वापरतो, अगदी त्याच्या अँप्यूलसारखी. तेवढीच काच, आत पाण्यासारखं पाणी. फरक फक्त काचेवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांत.

मोठे डॉक्टर हेच नव्या मुलींना समजावून सांगत होते. तू बेडपॅन घेऊन दारात उभी होतीस. तू कधी पुढे जायचीसच नाहीस. जिथे बोलणं चालू असेल तिथे तुझं काम निघायचं.

"डाक्टर, मंग ह्ये औषद का इख?"

"हळू गेलं तर औषध, मावशी. एकदम गेलं तर विष."

"मंग बांदून ठेवा त्याला."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी तू मागच्या शेडमधून टाकाऊ लाल सूत घेऊन आलीस आणि औषधांच्या कपाटासमोर फतकल मारून बसलीस.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"धागा बांदतंय."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"माज्या बापाच्या घरी कळलावीचे कंद असायचे. दुकऱ्या गुडघ्याला लेप लावायला. पोटात गेलं तर मानूस मरतं. आन खायचे कंद बी तशेच दिसतात. मंग कळलावीला धागा बांदायचा. भूक लागली का डोल्यानं कोन बगत बसतं? हाताला लागलं पायजेल."

"हा दवाखाना आहे, मावशी. वडाचं झाड नाही, सूत गुंडाळून फेऱ्या मारायला."

"तू नको मारू फेऱ्या. मी मारतंय."

मग मी ते वाक्य बोलले. आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सांगितलं: औषध कपाटातून काढताना वाचायचं, भरताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. तीनदा. आणि पुढे म्हणाले, "इथे सगळ्यांना वाचता येतं." 'सगळ्यांना' म्हणताना मी तुझ्याकडे बघितलं होतं. तुला वाचता येत नव्हतं. तू मान खाली घालून गाठ मारत होतीस, ती मारून झाल्यावर म्हणालीस, "येतं गं वाचता. पन घाईत वाचत न्हाय कोन."

डॉक्टर मधे पडले. "बांधू द्या, सिस्टर. भिवंडीत सुताला तोटा आहे का?"

मी हार मानणारी नव्हते. पोटॅशियमसाठी वेगळं छोटं कपाट आणलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. कुलूप की धागा, हा आपला वाद पुढे आठ वर्षं चालला. "कुलूप लावशील आन किल्ली घेऊन जेवायला जाशील," तू म्हणालीस, आणि तिसऱ्याच दिवशी तसंच झालं. पेशंट खाली पडलेला, डॉक्टर पोटॅशियमसाठी ओरडतायत आणि मी मागच्या खोलीत डबा उघडून बसलेली. तू आलीस, हात पुढे केलास. "किल्ली दे. आन वांग्याची भाजी केलीस ती बी दे, तू आता जेवनार न्हायस." भाजी तू खरंच खाल्लीस.

पोटॅशियमची आणखी एक खोड असते. ते बाटलीत घातल्यावर बाटली दोन-चारदा उलटीसुलटी करून हलवावी लागते, नाहीतर ते तळाशी बसतं आणि पेशंटच्या अंगात सगळं आधीच जातं. हे तू एकदाच ऐकलंस आणि त्यानंतर मला सुखानं एक सलाइन लावू दिलं नाहीस. वॉर्डच्या त्या टोकाहून आवाज यायचा, "शिस्टर, हालवली का?" मी "हो" म्हटलं तरी समाधान नाही. शेवटी पेशंटच विचारायला लागले. मागावरचा एक भय्या मला म्हणाला होता, "सिस्टर, हिला लीजिए ठीक से, नहीं तो मौसी आ जाएगी."

आता ती गोष्ट.

८५ सालची खंडेनवमी. दरवर्षीसारखं आपण कात्र्या, चिमटे, बीपीचं यंत्र धुऊन पुसून पाटावर मांडलं होतं. मागच्या शेडमध्ये लूमना झेंडूचे हार घातले होते, त्या दिवशी खडखडाट बंद होता आणि त्यामुळे अर्धे पेशंट जागे होते. पूजेतली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात, पण दवाखान्याला अशी सुट्टी परवडत नाही. म्हणून आपण प्रत्येक वस्तूतली एक-एक पाटावर ठेवायचो. एक कात्री, एक सिरिंज, एक सलाइनची बाटली, एकेक अँप्यूल. त्या वर्षी तू पोटॅशियमचीही एक आणून ठेवलीस, धाग्यासकट. "त्याला बी फूल वाहा. तेच जास्त रागीट हाय."

पूजा आटपते न आटपते तोच दारात एक बाळंतीण आली, रिक्षातून. जागा मोकळी करायला हवी होती. मी पाट उचलला, त्यावरच्या सगळ्या अँप्यूल ओंजळीत घेतल्या आणि जे खोकं समोर उघडं होतं त्यात टाकल्या. ते डिस्टिल्ड वॉटरचं होतं. हे मी केलं, मावशी. कुलूप आणणाऱ्या बाईनं.

चार वाजता पाच नंबरच्या रामधनीला अँटिबायोटिक द्यायचं होतं. न्यूमोनिया, वय तिशीच्या आतबाहेर, मागावर कामाला. बायको उशाशी बसलेली. तो बरा होत आला होता आणि त्यामुळे फार बोलत होता.

"सिस्टर, आज तो त्योहार है. सुई की छुट्टी नहीं?"

"सुई को कभी छुट्टी नहीं."

पावडरची बाटली उघडली. खोक्यात हात घातला, अँप्यूल काढली, मान मोडायला अंगठा लावला. अंगठ्याला खरखरीत काही लागलं. काचेला काही खरखरीत लागायचं कारण नव्हतं. खाली बघितलं तर लाल धागा, त्यावर हळदीचं बोट.

मी ती वाचली नव्हती. तीनदा नाही, एकदाही नाही.

"क्या हुआ सिस्टर?" रामधनी म्हणाला. "सुई टूट गई?"

"नहीं. कुछ भूल गई थी."

"आप भी भूलती हैं?" त्याला इतका आनंद झाला, की त्यानं बायकोला कोपरानं ढोसलं.

मी दुसरी अँप्यूल काढली, उजेडात धरून वाचली, भरली, हळूहळू दिली. मग ते खोकं टेबलावर पालथं केलं, एकेक अँप्यूल बघितली. पोटॅशियमची ती एकच होती. ती कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत उभी राहिले. रामधनी सहाव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेला. जाताना तुझ्या पाया पडला. माझ्या नाही, कारण सुया मी टोचल्या होत्या.

मी कुणाला काही बोलले नाही. डॉक्टरांना नाही, तुला तर नाहीच. त्या दिवसापासून धाग्यावरून भांडणं मात्र बंद केलं. तुला वाटलं, तू जिंकलीस. "शिस्टर दमली," असं मुलींना सांगत फिरायचीस. तू रजेवर निघालीस की मी विचारायचे, "किती बांधून ठेवल्यात?" तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "का गं, वडाची पूजा कदीपासून करायला लागलीस?" मी म्हणायचे, "स्टॉक बघतेय."

सांगायला मी कितीदा तरी तुझ्यापाशी आले. चहाच्या वेळेला. "मावशी..." "काय?" "चहा फार गोड झालाय." "तुलाच लागतो गोड." तिथेच संपायचं.

कारण काय? लाज, दुसरं काय असणार. मुली मला घाबरतात. 'सिस्टर कधी चुकत नाहीत' असं एकमेकींना सांगतात आणि मला ते आवडतं. ती एक गोष्ट सांगितली, की हे सगळं गेलं, असं वाटायचं. तुझे आभार मानायचे तर आधी चूक सांगावी लागली असती, म्हणून आभारही राहिले. एक माणूस तुझ्या सुताच्या तीन वेढ्यांनी जगला, आणि त्याबद्दल तुला एक शब्दही बोलले नाही मी.

आता अडचण अशी आहे. तू नाहीस. वर्षभरात नवी मुलगी येईल, खोकं उघडेल आणि म्हणेल, हे काय जुनाट, इथे सगळ्यांना वाचता येतं. मी तिला काय सांगणार? 'आमची एक मावशी बांधायची म्हणून'? एवढ्यानं कुणी पंचवीस गाठी मारत नाही. मी तरी मारल्या असत्या का? खरं कारण माझ्या अंगठ्याला ठाऊक आहे, आणि मी ते लपवून ठेवलंय. मी बोलले नाही तर धागा जाईल. आणि मग एखाद्या सणाच्या दिवशी, एखाद्या घाईत, एखादा रामधनी जाईल.

पुरे. उरलेल्या सोळा बांधते. तुझ्यासारखं होत नाहीच, पण चौथ्या प्रयत्नात एक गाठ बरी बसली.

हे काल इथवर लिहिलं होतं. आज सकाळी आठला ड्युटी बदलताना मी सगळ्यांना थांबवलं. रात्रपाळीची कविता, दिवसाची रेहाना आणि डॉक्टर. पेशंटची माहिती देऊन झाल्यावर म्हटलं, पाच मिनिटं मला द्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाट, ओंजळ, खोकं, अंगठा. काही गाळलं नाही. न वाचल्याचंही नाही, आणि तुझ्याकडे बघून जे बोलले होते तेही नाही. रेहानानं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता. कविता मात्र खाली बघत होती.

"मला माहीत होतं, सिस्टर," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"खंडेनवमीचं. मावशींनी सांगितलं होतं. त्या दिवशी त्या बादली घेऊन दारात उभ्या होत्या, सगळं बघितलं त्यांनी."

"तुला कधी सांगितलं?"

"मागच्या महिन्यात." तिचे डोळे भरून आले होते. "मी पोटॅशियम काढलं होतं, बरोबर काढलं होतं, धागा कापूनच. पण सिरिंजमध्ये भरलं आणि बाटलीत घालायचं सोडून सलाइनच्या नळीतून थेट शिरेत द्यायला निघाले. दोन कॉटचं एकदम चाललं होतं. मावशींनी मनगट धरलं माझं. मी खूप रडले. म्हटलं, सिस्टरना कळलं तर नोकरी जाईल. तर म्हणाल्या, रडू नको पोरी, शिस्टरचं बी झालं व्हतं एकदा. ती सांगंल तवा तू बी सांग."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"ते मी विचारलं होतं. म्हणाल्या, सांगंल. तिला जरा येळ लागतो."

डॉक्टर हसायला लागले, मग रेहाना, मग रडतारडता कविताही. सहा वर्षं, मावशी. त्या प्रत्येक गोड चहाच्या वेळी तुला ठाऊक होतं.

कविताला रागवायला मी तोंड उघडलं होतं, सवयीनं. ते मिटलं. खुर्ची तिच्यापुढे सरकवली, रेहानाला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि म्हटलं, "बस. पहिल्यापासून सांग. नळी हातात घेतलीस तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं, तिथून."